जुन्या सिटीचं टॅपेट कव्हर पॅकिंग: पूर्ण सेटच घ्या

१९९८ ते २००३ दरम्यानच्या होंडा सिटीत स्पार्क प्लग इंजिनाच्या डोक्यावर, टॅपेट कव्हरमधून (इंजिनाचं वरचं झाकण) खाली उतरणाऱ्या खोल भोकांत बसतात. भोकाभोवतीची गोल रबरी सीलं कडक झाली की तेल त्या विहिरीत उतरतं. प्लग वायरची रबरी टोपी तेलात फुगते, ठिणगी भलतीकडे पळते आणि गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके द्यायला लागते.

नागपूरच्या घाट रोडवर, स्पेअर पार्टच्या दुकानात पॅकिंग मागितलं की पहिलं उत्तर बहुतेक हेच मिळतं, ‘नुसतं पॅकिंग टाका न भाऊ, चालून जाते.’ नाही चालत. बाहेरचं लांब पॅकिंग बदलून कव्हरच्या कडेची गळती थांबेल, प्लगच्या विहिरीतली नाही. सेटमध्ये लांब पॅकिंग, चार प्लग सीलं आणि कव्हरच्या नटांखालची रबरी वॉशरं, तिन्ही हवीत. बाजारातल्या स्वस्त सेटांत वॉशरं बरेचदा नसतात. जुनं वॉशर दबून चपटं झालेलं असतं. नट पूर्ण बसतो, पण कव्हरवर दाब येत नाही.

ओरिजिनल सेट महाग आहे, तरी आमचं मत त्याच्याच बाजूने. सील दोन बोटांत दाबून सोडा. चांगलं रबर लगेच मूळ आकारात येतं, कडेला शिवण किंवा खरखर नसते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात बॉनेटखालची आंच. हलकं रबर इथे फार काळ टिकत नाही.

बसवण्याआधी तेल खरंच वरून येतंय का, ते पाहा. प्लगच्या षटकोनावर आणि चिनी मातीच्या भागावर तेल असेल तर दोष सीलांचा. टोकाला, इलेक्ट्रोडवर ओलं काळं तेल असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेलं आहे. मग या सेटवर पैसे घालू नका.

इंजिन पूर्ण थंड हवं. वायरींवर १ ते ४ नंबर टाकून त्या काढा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: विहिरीत तेल असताना प्लग उघडला की ते तेल आणि बुडाची रेती थेट सिलेंडरमध्ये पडते. आधी सिरिंजला नळी लावून तेल ओढा, सळईला गुंडाळलेल्या फडक्याने तळ टिपा, कार्ब क्लीनरचा (तेल धुणारा स्प्रे) फवारा मारून हवेने सुकवा. मगच १६ एमएमचा प्लग पाना लावा.

कव्हर चिकटलं असेल तर रबरी हातोडीने कडेला टिचक्या द्या. पेचकस घालून उचकटलं तर अॅल्युमिनियमवर ओरखडा उमटतो आणि गळती कायमची मागे लागते. खाचेतलं जुनं पॅकिंग नखाने, प्लास्टिकच्या पट्टीने काढा. खाच कोरडी हवी. सीलांच्या आतल्या कडेला मात्र इंजिन ऑइलचं बोट फिरवा.

सिलिकॉन फक्त पॅकिंगच्या चार कोपऱ्यांत, जिथे कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) होल्डरची गोलाई येते तिथे, तुरीच्या दाण्याएवढं. अॅनाबॉन्डची, म्हणजे सिलिकॉनची, अख्खी ट्यूब गोल फिरवणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा. आत दबलेलं सिलिकॉन सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतं.

कव्हर ठेवल्यावर हलकेच पुढेमागे सरकवून बसवा. नट मधून बाहेर, आडवेतिडवे, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटी टॉर्क पान्याने १० न्यूटन मीटरवर आवळा. प्लग १८ न्यूटन मीटरवर. गळतंय म्हणून नट अजून आवळला की पॅकिंग बाहेर येतं किंवा आटे जातात. अर्धा तास सिलिकॉनला द्या, मग सुरू करा. टोप्या फुगलेल्या असतील तर वायरींचा सेटही बदला. पुसून भागत नाही.

१०० किलोमीटरनंतर टॉर्च मारून विहिरी पाहा, कोरड्या हव्यात. नव्या सीलांनंतरही तेल दिसलं तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातला दाब बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) काढून कानाशी हलवा. खडखड आवाज यायला हवा. तो जाम असेल तर इंजिनातला दाब बाहेर जायला वाट राहत नाही आणि ओरिजिनल सीलंही काही महिन्यांत गळू लागतात.