येझदी रोडकिंग, २५ हजारांचं बजेट आणि इतवारीतले क्रँकवाले काका

नागपुरात कोणाकडे जुनी टू-स्ट्रोक गाडी असेल, येझदी असो, राजदूत असो की आरएक्स हंड्रेड, आणि इंजिन खोलायची वेळ आली असेल तर क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा दांडा) अन् बोरिंगचं (सिलिंडर आतून कापून मोठा करायचं) काम डोळे मिटून इतवारीत द्या, लोहा ओळीच्या मागच्या गल्लीत जे लेथवाले काका बसतात ना त्यांच्याकडे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा कुठे कापला ते पुढे सांगतो. दुकानाला बोर्ड नाही, आणि काकांनी नाव टाकू नको म्हटलं म्हणून टाकत नाही, पण त्या गल्लीत कोणालाही "क्रँकवाले काका" विचारलं तरी हात दाखवतात.

गाडी कोणती ते आधी सांगतो म्हणजे काम कळेल. मामांची रोडकिंग, १९८४ चं मॉडेल, पॉइंटवाली (म्हणजे जुन्या पद्धतीचं इग्निशन), काटोलकडे शेतातल्या कोठ्यात बैलांशेजारी कित्येक वर्षं उभी होती. मामा म्हणाले, घेऊन जा, पण भंगारात देशील तर माझ्याशी बोलू नको. माझं बजेट २५ हजार, त्यात सगळं, टायर, वायरिंग, आरटीओचे कागद, सगळं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही गाडी मैसूरच्या आयडियल जावाची. कंपनीने १९६१ पासून जावा बनवली, १९७३ पासून येझदी नावाने गाड्या आल्या, रोडकिंग १९७८ ला आली आणि १९९६ ला कारखानाच बंद झाला. म्हणजे शोरूममध्ये जाऊन पार्ट मागायचा प्रश्नच नाही. २०२२ ला येझदी नाव परत आलं पण ती गाडी पूर्ण वेगळी आहे, फोर-स्ट्रोक, तिचा पार्ट हिला बसत नाही, हे मला इतक्या लोकांनी विचारलं की इथेच सांगून टाकतो.

काकांकडे जायच्या आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. एका रिस्टोरेशनवाल्याने पूर्ण गाडीचे ऐंशी हजारांच्या वर सांगितले, त्याचंही खरं आहे, क्रोम आणि पेंट शोरूमसारखं करायचं म्हटलं की तेवढे लागतात. दुसऱ्या एका मेकॅनिकने सांगितलं, कशाला डोकं लावता भाऊ, कबाडीतून चालू इंजिन आणून टाकतो आठ हजारात. हे ऐकायला भारी वाटतं पण इथे सांभाळा. इंजिन नंबर आरसी बुकवर असतो, दुसरं इंजिन टाकलं की तो नंबर जुळत नाही, त्याची नोंद करायला आरटीओत कागद लागतात आणि कबाडीवाला तुम्हाला कसले कागद देणार. शिवाय त्या इंजिनाच्या क्रँकची हालत काय आहे ते कोणालाच माहीत नाही.

काकांचं पहिलं काम मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी पैशाचं काही बोलायच्या आधी मोजलं. क्रँक हातात घेतला, त्याला पिस्टनशी जोडणारा कनेक्टिंग रॉड सरळ वर धरून वर-खाली ओढून बघितला, मग डावी-उजवीकडे हलवला. मला म्हणाले, "हे बाजूनं हालते ना, ते हालू दे, थोडं हालाच पायजे. हे वरखाली टकटक करून राहिलं ते बिमारी आहे." मग क्रँक दोन सेंटरच्या मध्ये लावला, डायल गेज (वाकडेपणा दाखवणारं काट्याचं मीटर) लावला आणि हळूहळू फिरवून काटा मला दाखवला. काटा इकडून तिकडे पळत होता. म्हणाले, रॉड किट नवीन टाकावी लागते, वेब (क्रँकच्या दोन बाजूंच्या जाड चकत्या) चांगल्या आहेत, बेअरिंग दोन्ही गेले, सिलिंडरचं आत्ताच काही सांगत नाही, आधी धुऊन आण.

सिलिंडर धुऊन नेला तर बोअर गेजने वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी आणि आडवंउभं दोन्हीकडून मोजला. आधी कोणीतरी ०.५० ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा अर्धा मिलीमीटर मोठा) केलेला होता, आता ०.७५ वर जावं लागणार. मी म्हटलं काका करून टाका बोअर, पिस्टन मी नंतर आणतो. तर सरळ नाही म्हणाले. पिस्टन आधी आण, त्याला मोजतो, मग त्याच्यावर बोअर करतो. कारण असं की डब्यावर ०.७५ लिहिलं असलं तरी दोन कंपन्यांचे पिस्टन सारखे निघत नाहीत, आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन अन् सिलिंडरच्या मधली जागा कमी पडली तर गरम होऊन सीझ, जास्त झाली तर पिस्टन आत खडखड वाजतो आणि रिंगा लवकर जातात. त्यांनी पिस्टन स्कर्टला मायक्रोमीटरने मोजला आणि तीन थाऊ (इंचाचे तीन हजारांश) जागा सोडून बोअर केला. नागपूरचा उन्हाळा ४५ डिग्रीचा, त्याच्यापेक्षा टाईट ठेवायचं नाही म्हणाले.

आता जे काम बहुतेक लेथवाले करत नाहीत ते. बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा धारदार होतात, ब्लेडसारख्या. फोर-स्ट्रोकच्या सिलिंडरला आत खिडक्या नसतात म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही, पण टू-स्ट्रोकमध्ये रिंग दर फेरीला त्या खिडक्यांवरून जाते, जरा बाहेर फुगते आणि धारेत अडकली की तुटते, मग तुटलेला तुकडा सगळा नवीन बोअर घेऊन जातो. काकांनी प्रत्येक पोर्टची कड बारीक स्टोनने हाताने मोडली, म्हणजे धार घालवली, मग होनिंग केलं (आतून बारीक घासलं), मग रिंग नुसती सिलिंडरमध्ये टाकून फीलर गेजने गॅप बघितला. मला फीलर हातात दिला आणि म्हणाले तू बघ. पाव मिलीमीटरच्या आसपास होता, एवढ्या बोअरला बरोबर आहे. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा आणि रिंगांची तोंडं ग्रूव्हमधल्या पिनांवर बसवायची, हे पण परत परत बजावलं, कारण इंजिन मी घरी बसवणार होतो.

क्रँकचं काम मी पूर्ण उभं राहून बघितलं. ही क्रँक बोल्टने जोडलेली नसते, पिन प्रेसने दोन वेबमध्ये घट्ट दाबलेली असते, म्हणजे जुनी पिन काढून नवीन दाबली की दोन्ही बाजू एका रेषेत आणणं हीच सगळी कारागिरी. प्रेस तर कोणीही मारतो. काकांनी प्रेस केल्यावर सेंटरमध्ये लावून डायल बघायचा, तांब्याच्या हातोडीने वेबवर एक ठोका, परत बघायचा, परत एक ठोका, असं करत दुपार काढली, मध्ये चहा आला तो तसाच थंड झाला. शेवटी काटा दोन्हीकडे ०.०३ मिलीमीटरच्या आत आला तेव्हाच खाली ठेवला. मी म्हटलं काका ०.०५ ला पण चालते म्हणतात. तर म्हणाले, "चालते, पण हँडलवर हात सुन्न होते अन् बेअरिंग लवकर जाते. तुले चालवायची आहे का ठेवायची आहे?"

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकवर एवढा जीव का टाकायचा ते ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पेट्रोल-हवेचं मिक्श्चर आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँककेस हवाबंद पायजे. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळते, पांढरा धूर सुटतो, ऑइल कमी होत जाते. पॉइंटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिक्श्चर पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), एक्सलेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही आणि पिस्टन तापतो. लोक कार्बोरेटर बदलत बसतात आणि दोष निघतो दोनशे रुपयांच्या सीलमध्ये. क्रँक वाकडा फिरत असेल तर नवीन सीलही लवकर झिजतं. म्हणून पैसे कमी असतील तर पहिला पैसा इथे घाला, क्रोमला नंतर बघता येते, हे मी काकांकडूनच शिकलो आणि आता कोणालाही हेच सांगून राहिलो.

अजून एक गोष्ट, ज्याने माझे खरंच पैसे वाचले. बेअरिंग आणि सील त्यांनी गाडीच्या पार्टच्या दुकानातून आणू दिले नाहीत. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचून चिठ्ठीवर लिहून दिला, पुढे सी-थ्री लिहिलं आणि म्हणाले इंडस्ट्रियल बेअरिंगच्या दुकानात जा. सी-थ्री म्हणजे आत थोडी जास्त फट असलेलं बेअरिंग, गरम झाल्यावर आवळत नाही. सीलचं पण तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, तीन आकडे लिहून दिले आणि वायटन मिळालं तर तेच घे म्हणाले, पेट्रोलने आणि तापण्याने ते लवकर कडक होत नाही. तेच बेअरिंग येझदीच्या नावाच्या डब्यात महाग मिळते आणि आत कोणत्या कंपनीचं आहे ते कळत नाही.

बिल सांगतो. रॉड किट २,२०० मी आणली, क्रँक प्रेस आणि ट्रू (एका रेषेत) करायचे १,२००, बोरिंग-होनिंग ७००, पिस्टन रिंगसकट १,६००, बेअरिंग १,४००, सील आणि गॅस्केट मिळून ६००. म्हणजे इंजिनाचा गाभा आठ हजारांच्या आत झाला. त्यात काकांच्या हातात गेले फक्त १,९००, आणि एवढ्या बारीक कामाचे एवढेच घेतात हे मला कमीच वाटते.

आता अर्धा स्टार. काका वेळ पाळत नाहीत. चार दिवस म्हणाले की दुप्पट धरा, आणि फोन उचलत नाहीत, जाऊनच बघावं लागते. बाहेरून आलेल्या माणसाला हे जड जाते. पक्की पावती मिळत नाही, रोखच द्यावे लागतात. गल्लीत गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी तर हातठेल्यांमधून चालत जा. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, तो दिवस सोडूनच जा. मला हे सगळं चालते, पण कोणी लग्नाच्या वरातीसाठी गाडी तयार करून राहिला असेल आणि तारीख ठरलेली असेल तर महिनाभर आधी काम टाका.

बाकीच्या गाडीचं पटकन सांगतो. टाकीत गंज होता, व्हिनेगर भरून आत नट-बोल्ट टाकून हलवत राहिलो, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच वाळवून आतून टू-टी ऑइल फिरवलं. वायरिंग नवीन, सहा व्होल्टच ठेवलं, पॉइंट-कंडेन्सर नवीन, पॉइंटचा गॅप ०.४ मिलीमीटर. टायर, ट्यूब, केबल, ब्रेक लायनर यांच्यात बजेटचा मोठा भाग गेला आणि तिथे काटकसर करूच नये. पेंट जुनाच ठेवला, घासून पॉलिश केला, मामांच्या हातचे ओरखडे टाकीवर आहेत ते मला काढायचे पण नव्हते. दोन्ही सायलेन्सरचं क्रोम गंजलेलं आहे, आतल्या जाळीवरचा कार्बन साफ करून तशीच लावली, कारण ती चोक असेल तर गाडी ओढत नाही, वरचं क्रोम नसलं तर काही बिघडत नाही.

कागदांचं पण विचारतील. पंधरा वर्षं झाली की दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, गाडी तपासायला न्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा. काही जण म्हणतात व्हिंटेजमध्ये टाक, पण २०२१ च्या नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांच्या वरची गाडी, आणि त्या नंबरावर रोज फिरवता पण येत नाही. १९८४ ची गाडी त्यात येत नाही, साधं नूतनीकरणच करा. चेसिस कोणी रंगवायला घेतली तर नंबरावर जाड रंग चढू देऊ नका.

गाडी आता चालते. तोच दांडा आत दाबून वर करून किक मारायची, तोच खाली करून गिअर टाकायचे, ही येझदीची मजा परत आली. रनिंग काढताना (नवीन इंजिन सुरुवातीला हळू चालवून बसवताना) पेट्रोलच्या लीटरला ४० मिली ऑइल टाकलं, भर दुपारी काढली नाही, सकाळी काटोल रोडने जायचं, एकाच स्पीडला धरून ठेवायची नाही, मध्ये थांबून थंड होऊ द्यायची. आता सेमिनरी हिल्सचा चढ मागे माणूस बसलेला असताना तिसऱ्यात चढते, हँडल हातात थरथरत नाही, आणि आयडलिंगला तो दोन सायलेन्सरचा आवाज एका लयीत येते. मामांना बसवून नेलं तर पूर्ण रस्ता बोललेच नाहीत, उतरल्यावर फक्त म्हणाले, पहिल्यापेक्षा नरम चालून राहिली बे.

अमरावती, चंद्रपूर, वर्ध्याकडून कोणी येत असेल तर क्रँक, सिलिंडर आणि नवीन पिस्टन तिन्ही सोबत आणा, एकटा सिलिंडर आणला तर काका परत पाठवतील. क्रँक डिझेलने धुऊन, ऑइल लावून, जाड कापडात गुंडाळून आणा, रॉड वेबवर आदळू देऊ नका. सकाळी अकराच्या आधी गेलात तर मोजून लगेच सांगतात, दुपारनंतर लेथ चालू झाली की कोणाशी बोलत नाहीत.