टीसी खरी, फ्लँज खोटी

मागच्या उन्हाळ्यात हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये बुटीबोरीच्या एका पार्टीचे तीन एअर रिसिव्हर, म्हणजे दाबाखालची हवा साठवायच्या टाक्या, बनत होते. डिझाइन प्रेशर चौरस सेंटिमीटरला १० किलो. शेलला, म्हणजे टाकीच्या अंगाला, एसए-५१६ ग्रेड ७० या पोलादाची रोल्ड प्लेट. त्यात वावगं काही नाही, शेल प्लेटचाच असतो. फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टने जोडायच्या कड्या, मात्र फोर्ज्ड (तापवून, ठोकून घडवलेल्या) ए-१०५ पोलादाच्या हव्या होत्या. ६ इंची, १५० प्रेशर क्लास, स्लिप-ऑन, म्हणजे पाइपवर सरकवून वेल्ड करायच्या. नोझलच्या (टाकीच्या पाइप-तोंडांच्या) १२, त्यांना बोल्टने लागणाऱ्या जोडीच्या १२.

नेहमीच्या माणसाकडे माल नव्हता. इतवारीतल्या एकाने किलोमागे १८ रुपये कमी लावले. नग साडेआठ किलोचा, म्हणजे २४ नगांत ३,६७२ रुपये वाचणार होते. टीसी (मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट) मागितली तर म्हणाला, "काहून टेन्शन घेता भाऊ, मालासोबतच पाठवतो." आली, ३.१ प्रकारची, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीने स्वतः तपासून दिलेली, शिक्क्यासकट. फ्लँजच्या कडेवर ए-१०५ आणि हीट नंबर (पोलादाच्या एका ओतीचा नंबर) पंच केलेला, टीसीवरही तोच. सगळ्या अंगाने लेथवर काढलेल्या चकचकीत फ्लँज, वर काळा रंग. खरं सांगतो, मला फिनिशिंगच आवडलं.

पहिल्या रिसिव्हरचं वेल्डिंग झालं आणि थर्ड पार्टी इन्स्पेक्टरने डीपी टेस्ट लावली, म्हणजे लाल रंग भेगांत मुरवून वर पांढरा डेव्हलपर मारला. डेव्हलपर सुकला तशी एक लाल रेघ उमटली. वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या खाली दोन मिलिमीटरवर, हबच्या (फ्लँजच्या मधल्या उंच गळ्याच्या) अंगात. ग्राइंडर मारला की रेघ बुजायच्या ऐवजी आत सरकायची. वेल्डर बिचारा उगाच शिव्या खात होता.

इन्स्पेक्टरने न वापरलेली एक फ्लँज उचलली, कडेवरचा रंग खरवडला आणि तिथेच डीपी केली. कडेभोवती केसासारख्या दोन रेघा, फ्लँजच्या सपाट फेसला समांतर. घडीच्या पोळीचे पदर कडेने दिसतात ना, तशा. ती फ्लँज उभी कापून, पॉलिश करून नायटल या आम्लाच्या द्रावणाने एच केली, म्हणजे धातूच्या रेषा उठवल्या. फोर्जिंगमध्ये धातूचा प्रवाह हबच्या आकाराबरोबर वळलेला दिसतो. इथे सगळ्या रेषा सरळसोट. चाळीस मिलिमीटरच्या वरची प्लेट गॅसने गोल कापून लेथवर हब काढलेला.

बिघडतं काय, तर रोलिंगमध्ये पोलादातला मँगनीज सल्फाइडचा मळ चपटा होऊन थर पसरतो. प्लेट लांबी-रुंदीत ताकदवान, जाडीच्या दिशेने कमजोर. शेलमध्ये ताण प्लेटच्या पातळीतच येतो, म्हणून ती चालते. स्लिप-ऑनच्या हबवरचं वेल्ड थंड होताना नेमकं जाडीच्या दिशेने ओढतं आणि पदर सुटतात. प्रेशर आलं की पाइपही तिकडेच ओढणार. म्हणूनच एएसएमई बी१६.५ या फ्लँजच्या स्टँडर्डमध्ये प्लेटमधून फक्त ब्लाइंड (पाइप बंद करणाऱ्या) आणि हब नसलेल्या काही रिड्यूसिंग (साइज कमी करणाऱ्या) फ्लँज चालतात. लॅबमध्ये टेन्साइल (ओढून तुटेपर्यंतची ताकद) ४३२ एमपीए आली. ए-१०५ ला किमान ४८५ लागते. म्हणजे प्लेटसुद्धा साध्या स्ट्रक्चरलची.

मग टीसीवरच्या फोर्जिंग कंपनीला फोन लावला. तो आधीच लावायला हवा होता, पाच मिनिटांचं काम. हीट नंबर त्यांचाच, टीसीही त्यांचीच, पण त्या हीटमध्ये ६ इंची एकही नग बनला नव्हता. माल दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेलेला. साइजचा रकाना तेवढा बदललेला होता.

नोझल कापणं, नव्या फ्लँज, परत वेल्डिंग, इन्स्पेक्टरची दुसरी फेरी, पार्टीने लावलेला दंड धरून पावणेदोन लाख गेले.

इतवारीत गेलो तर गडी शांत. "भाऊ, बिल वाचा ना." बिलावर 'एम. एस. (साधं पोलाद) फ्लँज ६ इंच, २४ नग' एवढंच. फोर्ज्ड नाही, ए-१०५ नाही, टीसी नंबर नाही. माझी ऑर्डर फोनवर तोंडी. वकिलाने बिल पाहिलं आणि चहा मागवला.

आता माझ्या ऑर्डरमध्ये मटेरियल, 'फोर्ज्ड' आणि टीसी लेखी असतं, बिलावर तसंच उतरलं नाही तर गाडी उतरवत नाही. आणि प्रत्येक लॉटची एक फ्लँज रंग काढून कडेवर डीपी होते.

उरलेल्या फ्लँज मी गॅस कटरने दोन-दोन तुकडे करूनच भंगारात दिल्या. अख्ख्या दिल्या असत्या तर नवा रंग लावून परत इतवारीत आल्या असत्या.