चेरीची झाडं की इंग्रजीचे तास?

अमेरिकेशी मैत्री जपण्यासाठी जपानने या दोन्ही वाटा वापरल्या.

झाडांची वाट सोपी दिसते, पण पहिला प्रयत्न साफ फसला. जानेवारी १९१० मध्ये वॉशिंग्टनला २,००० रोपं पोहोचली. तपासणीत किडी आणि मुळांवर सूत्रकृमी निघाले, म्हणून सगळी जाळावी लागली. दुसऱ्या खेपेला टोकियोतल्या अराकावा नदीकाठच्या निवडक झाडांच्या काड्या रानचेरीच्या खुंटावर कलम केल्या. मार्च १९१२ मध्ये आलेल्या ३,०२० रोपांपैकी १,८०० योशिनो जातीची होती. १९१५ मध्ये अमेरिकेने डॉगवुड या फुलझाडाची रोपं पाठवून परतफेड केली. भेट एकदाच द्यायची, गाजावाजा मात्र दर वसंतात. पण राजकारण बिघडलं की झाडालाही झळ लागते: पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर डिसेंबर १९४१ मध्ये चार झाडं कुणीतरी कापली.

१९८७ पासूनची 'जेट' (जपान एक्स्चेंज अँड टीचिंग) ही जपान सरकारची योजना याच्या उलट, खर्चिक आणि संथ. परदेशी पदवीधर, त्यांत अमेरिकन बरेच, जपानी शाळांत बहुधा सहायक भाषाशिक्षक म्हणून जातात. करार वर्षाचा, वाढवून जास्तीत जास्त पाच वर्षांचा. नेमणूक स्थानिक संस्थांकडे, त्यामुळे काम गावागणिक बदलतं. कुठे तासाची आखणीच हाती येते, तर कुठे नुसतं धडा मोठ्याने वाचून दाखवायचं, म्हणजे चालताबोलता टेपरेकॉर्डर! तरीही जपानी बोलणारी, तिथली माणसं ओळखणारी मंडळी यातूनच तयार होतात. एकच वाट निवडायची तर आम्ही हीच निवडू.