दाबाखाली वीज: गारगोटी की काळा कातळ?

अंधारात दोन गारगोट्या घासून उजेड पाडायचा खेळ आम्ही लहानपणी खूप खेळलो. त्यामुळे दाबाने दगडात वीज येते म्हटलं की माझं मत आधीच गारगोटीकडे झुकतं.

तिचा हिशेब सरळ आहे. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. स्फटिक दाबला की आतले धन-ऋण भार सरकतात आणि पृष्ठावर वीज उमटते. क्युरी बंधूंनी हे १८८० मध्येच दाखवलं. क्वार्ट्झची घड्याळं याच गुणावर चालतात. मात्र सिंधुदुर्गातल्या ग्रॅनाइटी खडकात क्वार्ट्झचे कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात, त्यामुळे एकाची वीज दुसरा खाऊन टाकतो.

रत्नागिरीकडचा काळा कातळ बेसाल्टचा. त्यात क्वार्ट्झ जवळपास नाहीच, मग वीज कुठली? खडकांतल्या विजेवर संशोधन करणारे फ्रीडेमान फ्रॉइंड यांचं म्हणणं असं, की खनिजांतल्या ऑक्सिजनच्या काही जोड्या ताणाखाली तुटतात आणि मोकळे झालेले धनभार दाबलेल्या भागातून न दाबलेल्या भागाकडे वाहतात. गॅब्रो या बेसाल्टच्याच जातकुळीच्या, क्वार्ट्झ नसलेल्या खडकातही प्रयोगशाळेत असा प्रवाह मोजला गेला आहे. भूकंपापूर्वीचे संकेत यातून मिळतील, हा दावा मात्र वादात आहे.

आणि आपल्याकडे पाऊस! ओल्या खडकातून भार निसटतो, शिवाय भेगांतून झिरपणारं पाणी स्वतःच थोडी वीज तयार करतं. जुलैत कातळावर तारा लावल्या तर मोजणार काय, दाब की पाणी?

खात्रीसाठी गारगोटी. कुतूहल विचाराल, तर कातळ.