नवं पान हिरवं आलं

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बोटभर निवडुंग मिळाला. पांढरा कप, त्यात रंगीत खडे आणि निवडुंगाच्या डोक्यावर केशरी फूल. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाण म्हणजे वर्षानुवर्षं स्टीलची वाटी नाहीतर प्लास्टिकचा डबा, त्यामुळे सगळ्याच जणी हरखून गेल्या. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर चार थेंब पाणी शिंपडलं, तर थोड्या वेळात फूल मिटलं. दुपारी ऊन आलं, पाणी सुकलं आणि फूल पुन्हा उमललं. मी मिस्टरांना हाक मारून दाखवलं. "बघा, कसं जिवंत आहे!"

ते फूल मेलेलं होतं आणि निवडुंगाचं तर नव्हतंच. हे कळायला मला तीन महिने लागले. तोवर माझे १४,६०० रुपये गेले होते. आमच्या मंडळातल्या आणखी पाच जणींचेही गेले आणि लाजेपायी कोणी कोणाला बोललं नाही. आम्हाला झाडं विकणारा तो माणूस आता थाटीपूरकडच्या घरांतून फिरतोय असं परवा कानावर आलं, म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

हळदीकुंकू जिच्याकडे होतं तिनेच त्याचा नंबर दिला. तिचा यात काडीचाही दोष नाही, तीसुद्धा फसलेलीच. तो घरी आला तेव्हा जोडे बाहेर काढून आला, वाकून नमस्कार केला आणि आधी विचारलं, "काकू, मूळ गाव कुठलं आपलं?" दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, तेव्हापासून आमच्यासारखी घरं लष्करात आहेत. पण दाराशी अनोळखी माणूस मराठीत बोलला की अजूनही आमचा जीव सुपाएवढा होतो. मी त्याला तिळगूळ दिला, चहा दिला. बिल मागायचं मनात आलं होतं, पण तोंडातून शब्द निघेना. "आपल्या माणसांत कसलं बिल, काकू? वर्षभराची गॅरंटी माझी," असं तो आपणहूनच म्हणाला.

आमच्या गच्चीचा प्रश्न ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर, नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, लू अशी चालते की गमल्यातली माती भट्टीतल्या वाळूसारखी लागते. डिसेंबर-जानेवारीत उलट, पहाटे हात गारठतात. टंचाईच्या वर्षी तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येतं. गुलाब, शेवंती मी कधीच सोडून दिली. म्हणून जेव्हा त्याने मोबाइलवर निळ्या, गुलाबी, जांभळ्या पानांची गच्ची दाखवली आणि "आठवड्यातून एकदाच पाणी" म्हणाला, तेव्हा मला खरंच वाटलं की इतकी वर्षं मी जे शोधत होते ते हेच.

त्याने काय दिलं ते किमतीसकट सांगते, म्हणजे कोणाच्या घरात असेल तर ताडून बघता येईल. निळी कोरफड तीन, प्रत्येकी ४५०. फुलांचे निवडुंग चार, ३५० प्रमाणे. हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा गोळा असलेले "मून कॅक्टस" पाच, ३०० ला एक. कमळासारख्या पानांच्या एचेव्हेरिया वीस, २२० प्रमाणे. गुलाबी पानांचं "पिंक काँगो" फिलोडेंड्रॉन एक, २,२०० रुपये. "रेनबो सक्युलंट"च्या (सक्युलंट म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) बियांची पाकिटं ६०० ची. आणि "पुण्याहून आलेली खास माती" सहा पोती, ५२५ ला एक. नऊ हजार आगाऊ घेतले, बाकी माल उतरवल्यावर, सगळे यूपीआयने त्याच्या खासगी नंबरवर.

माल आला संध्याकाळी सातनंतर. गच्चीवर एकच दिवा. सगळी झाडं मांडून त्याने माझा त्यांच्यासोबत फोटो काढला आणि जाताना दोनदा बजावलं, "ट्रीटमेंट केलेली आहे, वीस दिवस पाण्याचा थेंबही नको. पानांना हात लावू नका. नाहीतर गॅरंटी जाईल." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. पाणी घातलं नाही, हात लावला नाही, तर खोट दिसणार कशी? आणि दिसलीच, तर "तुम्ही हात लावला असेल" म्हणायला तो मोकळा.

सगळ्यात आधी बिया उघड्या पडल्या. पाकिटावर निळ्या-जांभळ्या दगडांसारख्या रोपांचं चित्र होतं. मी पेरायच्या आधी थोड्या बिया वाटीत भिजवल्या, तर पाच मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढुरका चिकट थर फुगून आला. उन्हाळ्यात फालुद्यात घालते तो सब्जा मी ओळखणार नाही का? सक्युलंटचं बी बहुतेक वेळा धुळीसारखं बारीक असतं, फुंकर मारली तर उडून जाईल असं. निळी-जांभळी इंद्रधनुषी रोपं देणारं बी कुठेच मिळत नाही. ती चित्रं संगणकावर रंगवलेली असतात. मी त्याला फोन केला. "पाकीट बदलून देतो काकू," म्हणाला. मी गप्प बसले. तिथेच बाकीची झाडं तपासली असती तर निदान तो फोन उचलत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी निळ्या कोरफडीच्या मधोमध एक टोक वर आलं. ते साधं हिरवं होतं, पांढऱ्या ठिपक्यांचं, जशी आपल्या घरच्या कोरफडीची पानं असतात तसं. मला वाटलं, लहान आहे, मोठं झाल्यावर निळं होईल. आमच्या गल्लीत एक म्हातारे माळीबाबा येतात, हातगाडीवर गुलमेंदी, मोगरा, तुळस विकतात. त्यांना विचारलं. त्यांनी पानाच्या बगलेत, जिथे पान खोडाला चिकटतं तिथे, अंगठ्याचं नख फिरवलं. निळी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून आली. "अम्माजी, ये रंग पौधे का नहीं है. पोता हुआ है." कपाच्या काठावर आणि खड्यांवरही बारीक निळे शिंतोडे होते, मी ते रोज बघत होते, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. नंतर नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापूस बुडवून पुसला तर कापूस निळाशार. रंगाच्या थराखाली पानाला ना धड ऊन मिळतं, ना श्वास घेता येतो. तिन्हीपैकी दोन कोरफडी चैत्रापर्यंत मऊ पडून गेल्या.

मग फुलांची पाळी. माळीबाबांनी निवडुंग उन्हात धरून दाखवला. निवडुंगाचं खरं फूल काट्यांच्या झुबक्यातून, त्या लहानशा गादीतून फुटतं. हे फूल नेमकं माथ्यावर, काटे नसलेल्या जागी बसलेलं होतं आणि त्याच्या बुडाशी गरम करून लावायच्या गोंदाचा पारदर्शक थेंब होता. ते हेलिक्रिसमचं, म्हणजे कागदी फुलाचं वाळवलेलं फूल. त्याच्या पाकळ्या झाड मेल्यावरही ओल्या झाल्या की मिटतात आणि सुकल्या की उघडतात. त्यात जिवंतपणाचा काही संबंध नाही. मी हलकेच उपटून काढलं तर खालची सालही निघून आली आणि आठ दिवसांत तो निवडुंग माथ्यापासून कुजला.

मून कॅक्टसचं थोडं वेगळं आहे आणि तिथे मी त्या झाडाला खोटं म्हणणार नाही. तो लाल गोळा खराच निवडुंग असतो, पण त्यात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर कलम केलेला असतो. दांडा अन्न बनवतो, गोळा खातो. जपानमध्ये हे तंत्र गेल्या शतकात पुढे आलं, आज जगभर तो विकला जातो. पण तो फार वर्षं टिकत नाही, आणि "पिल्लं काढून मातीत लावा, पाचाचे पन्नास होतील" हे मला सांगितलेलं होतं ते धडधडीत खोटं. मी तीन पिल्लं मातीत लावली. तिन्ही मनुकांसारखी सुरकुतली. कलमाशिवाय ती जगूच शकत नाहीत.

पिंक काँगोच्या बाबतीतही नवं पान हिरवंच आलं. त्याच्यावर रंग पोतलेला नसतो. रोपावर रसायनाची प्रक्रिया करून पानं काही महिन्यांपुरती गुलाबी करतात. पुढची पानं हिरवी येतात आणि मग ते चारचौघांसारखं फिलोडेंड्रॉन असतं. त्यात दमट हवेचं झाड. लू सुरू झाल्यावर आठवडाभरात त्याच्या कडा पापडासारख्या झाल्या.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एचेव्हेरियांचं. त्या खऱ्या होत्या आणि रंगही त्यांचा स्वतःचा होता. भरपूर ऊन, थंड रात्री आणि थोडी तहान मिळाली की त्यांच्या पानांत अँथोसायनिन तयार होतं, जांभळात आणि लाल कोबीत असतं तेच रंगद्रव्य. म्हणूनच हे लोक जानेवारीत विकायला येतात; तेव्हा झाडाचं रूप सगळ्यात खुललेलं असतं. पण ती मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. दिवसा पानांवरची रंध्रं मिटून रात्री उघडायची, म्हणजे पाणी उडून जात नाही, ही त्यांची रीत. त्यासाठी रात्र गार लागते. आमच्याकडे नौतप्यात रात्री दोन वाजतासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही. त्या आतून शिजल्यासारख्या होतात. एप्रिलमध्ये मी एक उचलून बघितली तर अख्खं कमळच हातात आलं. बुडाला मुळं नव्हती, टूथपिक होती. खडे गोंदाने एकमेकांना चिकटवून वर झाकण केलेलं, त्यामुळे पाणी खाली उतरतच नव्हतं. वीसपैकी अकरा अशाच निघाल्या, नुसती तोडून खोचलेली मुंडकी. बाकीच्या नऊ "खास माती"ने घेतल्या. पोत्यात जवळजवळ निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा होता. ते एकदा भिजलं की ओलं राहतं, आणि कोरडंठाक झालं की पाणी आत घेत नाही, कडेने वाहून जातं. सक्युलंटना हवी जाड वाळू, बारीक मुरूम, विटांचा चुरा असली निचरा होणारी माती. ती मी गल्लीतल्या बांधकामावरून मागून आणली असती.

तेव्हा फोन केला तर लागला नाही. व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो दिसेनासा झाला. मिस्टरांच्या फोनवरून केला तर आवाज ऐकताच कट.

मी मंडळातल्या एकेकीला फोन केले. पहिल्या दोघी "नाही गं, माझी छान आहेत" म्हणाल्या. तिसरीने गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्या दाखवल्या, मग बाकीच्याही बोलल्या. आम्ही सहा जणींनी यूपीआयच्या पावत्या, चॅटचे स्क्रीनशॉट, झाडांचे फोटो एकत्र केले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल नसलं तरी पैसे दिल्याची पावती आणि चॅट पुरावा म्हणून धरता येतात, हे मला माहीत नव्हतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ऑनलाइन पैसे देऊन फसलं असाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, त्याच दिवशी फोन करा. आम्ही चार महिने वाया घालवले. पैसे अजून आलेले नाहीत.

घ्यायचंच असेल तर दिवसाउजेडी घ्या आणि सगळ्यात आतलं, सगळ्यात नवं पान बघा. ते बाहेरच्या पानांसारखंच निळं किंवा गुलाबी नसेल तर हात आखडा. खडे बोटाने हलवून बघा, रोप हलकेच वर ओढून बघा. विकणारा "हात लावू नका" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

माळीबाबांनी मे महिन्यात मला चाळीस रुपयांना घोस्ट प्लांट नावाचं एक सक्युलंट दिलं. मी त्यांची इतके दिवस फक्त तुळस घ्यायचे, याची मला खंत वाटते. सावलीत ते राखाडी-निळसर असतं, उन्हात गुलाबी होतं. पश्चिमेच्या कठड्यावर, हिरव्या नेटखाली, अख्खा उन्हाळा ते तगलं. सोबत जांभळ्या पानांची ट्रेडेस्कँशिया, पिवळ्या काठाचं सान्सेव्हिएरिया आणि एक क्रोटन आहे, हे तिघंही आपल्या उन्हाला सरावलेले. घोस्ट प्लांटचं गळालेलं पान वाळूवर नुसतं ठेवलं तरी त्याला मुळं फुटतात. मी ताटलीत चाळीस पानं ठेवली होती, त्यातल्या एकतीस पानांना आता करंगळीच्या नखाएवढी रोपं आली आहेत. येत्या संक्रांतीला माझ्याकडचं वाण हेच असेल. लष्करात कोणाला आधी हवं असेल तर सकाळी नऊनंतर या, गच्ची उघडीच असते.