नऊ हजारांचं कॉपी-पेस्ट

मी गिरगावात घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल आणि दिवाळीच्या तोंडावर एखादा अंक. गेल्या वर्षी ऐन अंकाच्या घाईत लॅपटॉप चालू होईना. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ यायचं, ठिपके गोल फिरायचे, निळा पडदा, पुन्हा पहिल्यापासून तेच. ८० पानांपैकी ६२ लावून झाली होती, सगळी डेस्कटॉपवर. (बॅकअप का नव्हता ते विचारू नका, घरात सगळ्यांचं विचारून झालंय.)

लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतलं दुकान गाठलं. पोऱ्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल.”

“आणि माझ्या फाइली?”

“त्या गेल्या समजा. लॅबला पाठवून रिकव्हरी करून बघू. नऊ हजार होतील, गॅरंटी नाही.”

गॅरंटी नाही म्हणाला, म्हणूनच मला तो प्रामाणिक वाटला! विंडोज टाकायचे ५००, ‘ओरिजिनल’ करायचे २०००, रिकव्हरीचे ९०००. दोन दिवसांनी लॅपटॉप मिळाला, डेस्कटॉपवर सगळं जागच्या जागी. मी त्याला पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले होते.

दिवाळीच्या आधी भाचा आला. सी ड्राइव्ह भरून लाल का झालाय म्हणून मी त्याला बघायला सांगितलं. त्यानं ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर उघडलं. आत ‘यूजर्स’, त्यात माझं नाव, त्यात माझा जुना डेस्कटॉप, ६२ पानं. ‘विंडोज’च्या आतल्या ‘फॉन्ट्स’मध्ये माझे सगळे मराठी फॉन्टसुद्धा.

म्हणजे फॉरमॅट कधी मारलाच नव्हता. फॉरमॅट न करता त्याच ड्राइव्हवर विंडोज नव्यानं टाकलं की जुनं सगळं आपोआप या फोल्डरमध्ये सरकतं. तिथून उचलून डेस्कटॉपवर ठेवणं, एवढीच ती लॅब. भाचा म्हणाला, “मावशी, खरी रिकव्हरी केली असती तर निम्म्या फाइलींची नावं उडाली असती. तुझी तर फोल्डरंसुद्धा जशीच्या तशी आहेत.” हे फोल्डर काही दिवसांनी विंडोज स्वतःच पुसतं. आठवडाभर उशीर झाला असता तर मला आयुष्यभर कळलं नसतं.

‘ओरिजिनल’ची गंमत वेगळीच. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर लिहिलं होतं की विंडोज तुमच्या संस्थेच्या सर्व्हिसनं सुरू आहे. माझी संस्था म्हणजे आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, तिथे पावत्यासुद्धा अजून हातानं फाडतात. मुळात लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट लागताच ती फुकट सुरू होते. दुकानातल्या पोऱ्यानं वरची आवृत्ती टाकून क्रॅक (लायसन्सशिवाय चालवायची चोरवाट) मारला होता.

त्या निळ्या पडद्यावरच ‘ट्रबलशूट’ होतं. त्यात ‘रीसेट धिस पीसी’ आणि मग ‘कीप माय फाइल्स’. सॉफ्टवेअर उडतात, फॉन्ट पुन्हा टाकावे लागतात, पण स्वतःच्या फाइली राहतात. खालचं ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ दाबायचं नाही. त्याआधीही फाइली बाहेर काढता येतात: ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नोटपॅड’ लिहायचं, त्याच्या ‘ओपन’ खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडायचं आणि तिथूनच पेन ड्राइव्हवर कॉपी. बिटलॉकर (ड्राइव्हला लावलेलं कुलूप) असेल तर ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागेल, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. दुकानात द्यावंच लागलं तर आधी कॉपी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. एसएसडी (हल्लीच्या लॅपटॉपमधली चिपवाली डिस्क) खरंच फॉरमॅट झाली तर बहुधा कुठलीच लॅब काही परत आणू शकत नाही.

मी दुकानात भांडायला गेले. तो म्हणाला, “ताई, डेटा मिळाला ना? मग?” हातात कच्ची पावती, तिच्यावर ‘सर्व्हिस ११,५००’ एवढंच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीये, पण त्या पावतीवर काय सिद्ध होणार, कोण जाणे.

अंक वेळेवर छापून झाला. पानाला दीडशेच्या दरानं मला १२,००० मिळाले.