कॉसमॉस: केशरी की गुलाबी?
कोरडी, दिवसभर ऊन खाणारी जागा असेल तर कॉसमॉस हे फुलझाड लावाच. प्रश्न एवढाच की दोन जातींतला कोणता. मूळ दोघांचं मेक्सिकोतलं, पण उन्हाचा कडाका केशरी-पिवळा सल्फ्युरियस जास्त सोसतो. पानं जरा रुंद, झाड आटोपशीर, ऐन उन्हाळ्यातही फुलं चालूच. गुलाबी-पांढरा बायपिनेटस फार देखणा: शेपूसारखी तंतुदार पानं, 3-4 फूट उंची. पण तो खरा बहरतो दिवस लहान होऊ लागल्यावर, आणि वाऱ्यात आडवा पडतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. बाजूने फुटवे येतात, झाड बसकं राहतं.

पेरणी सारखीच. थेट वाफ्यात, अर्धा सेंटिमीटर खोल, विरळणीनंतर 1 फूट अंतर. रोपं धरेपर्यंत ओल हवी. पुढे बोट खुपसून 2 इंच माती कोरडी लागली तरच पाणी.

खताचा मोह मात्र टाळा. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो, कळ्या उशिरा येतात आणि खोड पोचट होतं. यात गुलाबीचं नुकसान अधिक, कारण तो आधीच उंच. सुकलेलं फूल देठासकट पानांच्या जोडीपर्यंत कापा, नाहीतर झाड बी धरायला लागतं.

तापलेल्या, निचऱ्याच्या जागेला आमची पसंती केशरीला. भिंतीचा आडोसा असेल तर गुलाबी.